आधी चाकं मोकळी करा

गेल्या मे महिन्यातली रविवारची संध्याकाळ. जांभूळला आमच्या घरामागच्या उतारावर मी उभी होते. खाली उल्हास नदी, उतारावर गोटे, वाळलेलं गवत आणि म्हशींच्या खुरांनी पडलेले खड्डे. माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र रिमोटवर चालणारे ट्रक घेऊन आले होते. जत्रेत मिळतात तसले प्लास्टिकचे ट्रक नव्हते ते. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचे, खाली लोखंडी चासी, पुढेमागे एक्सल, मधे गिअर बॉक्स आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघालेले करंगळीएवढे प्रॉपेलर शाफ्ट. पोरांनी खेळ ठरवला होता : एक ट्रक नदीकाठी बंद पडला आहे आणि दुसऱ्याने त्याला टोचन करून वर रस्त्यापर्यंत आणायचं आहे.

बुटाची नाडी बांधली. पुढच्या ट्रकने ओढायला सुरुवात केली. पंधरा-वीस पावलं गेला असेल नसेल, तोच मला वास आला. तारेवरचं वार्निश जळतं तेव्हा येतो तो गोडसर, घशात बसणारा वास. हा वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. मी ओरडले, ‘‘थांबव आधी!’’ भाच्याने ट्रक थांबवला. मी मोटारीला बोट लावलं आणि तसंच मागे घेतलं.

‘‘आत्या, चढ जास्त होता,’’ तो म्हणाला.

चढ होताच. पण मी मागचा, बंद पडलेला ट्रक उचलून एका सपाट कातळावर ठेवला आणि बोटाने ढकलला. तो हलेना. जोर लावला तर घसरला, पण चाकं फिरली नाहीत. पोरं ज्याला ओढत होती ती गाडी नव्हती, जमिनीत रुतलेला नांगर होता. दिवे लागावेत म्हणून त्या ट्रकचा स्विच चालू ठेवला होता आणि असल्या ट्रकच्या स्पीड कंट्रोलरमध्ये एक सोय असते : रिमोटवरून बोट काढलं की ब्रेक आपोआप लागतो, म्हणजे गाडी उतारावर घरंगळत नाही. खडक चढणाऱ्या ट्रकला ती सोय हवीच. पण त्यालाच दोरीने ओढायची वेळ आली की तीच सोय ओढणाऱ्याच्या जिवावर उठते.

मी गेली बावीस वर्षं मोटार वायंडिंगचं काम करते. अंबरनाथच्या आयटीआयमध्ये शिकले, अंबरनाथलाच आमचा गाळा आहे. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, कारखान्यांतले पंखे आणि आता गेली काही वर्षं इलेक्ट्रिक स्कूटर आणि तीनचाकी टेम्पोच्या मोटारी, सगळं माझ्या हाताखालून जातं. आमच्या जांभूळचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या बातमीत. आज मी ते वेगळ्याच गोष्टीसाठी घेते आहे. बंद पडलेली गाडी ओढताना आपण जे करतो, ते चुकीचं आहे. ते बदललं पाहिजे आणि इलेक्ट्रिक गाड्या वाढत असताना ते आत्ताच बदललं पाहिजे.

त्या रात्री भाच्याला मी गाळ्यावर नेलं. ट्रकची मोटार सुटी करून त्याच्या हातात दिली. कॅनमध्ये दोन चुंबकं, मधे तारा गुंडाळलेला आर्मेचर, बाहेर दोन वायरी. म्हटलं, शाफ्ट फिरव. फिरला. जरासा अडखळत, कारण आतली चुंबकं लोखंडाला खेचतात, पण फिरला. मग मी त्या दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवली आणि म्हटलं, आता फिरव. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. काकवीत बुडवल्यासारखा शाफ्ट जड झाला होता. वायरी सोडल्या की हलका, जोडल्या की जड. त्याने वीस वेळा करून पाहिलं.

फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की चुंबकाजवळ तार हलली की तारेत वीज निर्माण होते. १८३४ मध्ये लेन्झने पुढची गोष्ट सांगितली : ती वीज ज्या हालचालीतून जन्मते त्याच हालचालीला विरोध करते. वायरी सुट्या असल्या तर वीज वाहायला वाट नाही, म्हणून विरोधही नाही. टोकं जोडली की वाट मिळाली, प्रवाह वाहिला, मोटार स्वतःच स्वतःचा ब्रेक झाली. स्पीड कंट्रोलर ब्रेक लावतो म्हणजे नेमकं हेच करतो, आतल्या आत मोटारीच्या दोन वायरी जोडून टाकतो.

मग स्विच बंद केला तर प्रश्न मिटला? नाही. मी टायरवर खडूने खूण केली, मोटारीच्या शाफ्टला दोऱ्याचा तुकडा चिकटवला आणि चाक हळूहळू एक फेरा फिरवलं. दोरा चाळीसेक वेळा फिरला. मोटारीच्या चाळीस फेऱ्यांतून चाकाचा एक फेरा, म्हणून तर एवढासा ट्रक दगड चढतो. पण चाकाकडून मोटार फिरवायची म्हटली की हिशेब उलटा होतो. मोटारीच्या बुशाचं, ब्रशचं, चुंबकांचं जे काही थोडंसं अडखळणं आहे ते चाकापाशी चाळीसपट होऊन पोचतं, वर गिअरचं घर्षण वेगळं. गाळ्यात स्प्रिंगचा काटा होता. तो नाडीला अडकवून फरशीवर ट्रक ओढला. ब्रेक लागलेला असताना चाकं घासतच आली. स्विच बंद करून, सगळं जोडलेलं ठेवून ओढलं तर चाकं फिरली, पण काटा पाऊण किलोच्या आसपास थरथरत राहिला. मग मी दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एक्सलच्या टोकाला सोडले, एकेकाला एकच बारीक स्क्रू, मिनिटभराचं काम. पुन्हा ओढलं. काटा जेमतेम हलला. ट्रक मागोमाग येत राहिला, ओढणारा थांबला तरी वीतभर पुढे आला.

भाच्याने आणखी एक युक्ती सुचवली, चाकाच्या आतली आडवी पिन काढून टाकायची, म्हणजे चाक नुसतं शाफ्टवर फिरेल. मी नको म्हटलं. पिन काढली की चाकाचं भोक उघड्या शाफ्टवर घासतं, दोन रविवारांत ते ढिलं होऊन चाक डुगडुगायला लागतं. जिथे बेअरिंग आहे तिथेच फिरू द्यावं आणि त्याच्या अलीकडे तोडावं. आणखी एक गंमत त्याला दाखवली. बॅटरी काढलेली, पण स्विच चालू राहिलेला ट्रक जोरात ढकलला तर त्याचे पुढचे दिवे मिणमिणतात. मोटार जनरेटर झालेली असते. त्या मिणमिणत्या दिव्यांकडे बघताना मला दादांची आठवण झाली.

दादा म्हणजे माझे वडील. ते ट्रक चालवायचे, टाटाचा १२१०. कल्याणहून मुरबाड, माळशेज, आळेफाटा. जाताना मिळेल तो माल आणि येताना बहुतेक कांदा. १९८८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेले होते, अकरा वर्षांची होते. परतीच्या वाटेवर माळशेज उतरायला लागण्याआधीच क्लचप्लेट गेली. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. दीड-दोन तासांनी ओळखीचा एक ट्रक आला. त्याच्याकडे टोचनाचा लोखंडी रॉड होता. घाटउताराला दोर चालत नाही, मागची गाडी पुढच्यावर जाऊन आदळते, म्हणून रॉड. त्या ड्रायव्हरला घाई होती. तो म्हणाला, न्यूट्रल कर आणि चल.

दादांनी ऐकलं नाही. क्लीनरला म्हणाले, ‘‘आधी चाका मोकली कर, मंग वढ.’’ पण सगळ्यात आधी त्यांनी चारही बाजूंना चाकांखाली दगड लावून घेतले, स्वतः पायाने दाबून पाहिले. मग मागच्या दोन्ही हबांचे नट खोलले, फ्लँजवर हातोडीने ठोके घातले आणि दोन लांबलचक पोलादी एक्सल ओढून बाहेर काढले. तेलाने काळे झालेले, टोकाला दाते. ट्रकमध्ये एक्सलवर वजन नसतं, ते हाउसिंगवर असतं, त्यामुळे एक्सल निघाले तरी चाकं जागच्या जागी राहतात आणि मोकळी फिरतात. हबाच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी कांद्याच्या गोणपाटाचे बोळे करून घातले, वरून प्लॅस्टिक बांधलं. एक्सल माझ्या पायाशी केबिनमध्ये ठेवले. अर्धा-पाऊण तास गेला. दुसरा ड्रायव्हर चिडला होता. मग इंजिन चालू ठेवून, म्हणजे ब्रेकला हवा मिळत राहील अशी व्यवस्था करून, आम्ही टोकावड्यापर्यंत उतरलो.

मी विचारलं होतं, न्यूट्रल केलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी तेव्हा जे सांगितलं ते नीट कळायला मला आयटीआय गाठावं लागलं. गिअर बॉक्समध्ये तेल तळाशी असतं. खालचा काउंटर शाफ्ट फिरतो आणि ते तेल वर उडवतो, त्यावर वरची बेअरिंगं जगतात. हा खालचा शाफ्ट इंजिनाच्या बाजूने फिरतो. न्यूट्रलमध्ये गाडी ओढली की चाकं मागून वरचा शाफ्ट फिरवत राहतात, खालचा मात्र स्वस्थ. तेल तळाशी आणि वरचा शाफ्ट कोरडा. दहा-वीस किलोमीटर असं नेलं की क्लचप्लेटच्या खर्चात गिअर बॉक्सचा खर्च मिळवायचा. रोगापेक्षा इलाज भारी.

दादा शिकलेले नव्हते. पण गाडी ओढणं हे दोर बांधण्याचं काम नसून चाकं मोकळी करण्याचं काम आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ ट्रकवाल्यांना आणि मिस्त्रींना ते माहीत होतं. आजही हायवेवरचे जुने मिस्त्री लांब न्यायची गाडी असेल तर एक्सल किंवा प्रॉपेलर काढल्याशिवाय नेऊ देत नाहीत. हे शहाणपण छोट्या गाड्यांपर्यंत कधी पोचलंच नाही, कारण तिथे त्याची गरज भासली नाही. पेट्रोलच्या बिनगिअरच्या स्कूटरचंच बघा. इंजिन बंद असताना तिचा क्लच आपोआप सुटलेला असतो, मागचं चाक मोकळं असतं. म्हणून एक जण बसलेला, दुसरा मागून आपल्या स्कूटरवरून पाय लावून ढकलतोय, हे दृश्य उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुठेही दिसतं. ते धोक्याचं आहेच, पण गाडीचं त्यात काही बिघडत नव्हतं. आपली सवय अशी लागली, आणि मग गाडी बदलली.

माझ्या भावाचा इलेक्ट्रिक तीनचाकी टेम्पो आहे, पाण्याचे जार पोचवायचा. दोन वर्षांपूर्वी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीजवळ तो चालता चालता बंद पडला. त्याने मदतीच्या नंबरवर फोन केला. माणूस आला, त्याच्याकडे पिकअप आणि दोर. भाऊ म्हणाला, चाक जड लागतंय. तो माणूस म्हणाला, न्यूट्रलला टाका, झालं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. सात किलोमीटर ओढत आणला. रस्त्यात दोनदा दोर तुटला. गॅरेजवर पोचला तेव्हा मोटारीच्या कव्हरवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करत होता, असं भावाने सांगितलं.

मोटार माझ्याकडे आली. मी ती उघडली. तिन्ही फेजची वायंडिंगं काळी ठिक्कर, स्लॉटमधला कागद भाजलेल्या पापडासारखा कुरकुरीत झालेला, बोट लावलं की भुगा. मूळ बिघाड कंट्रोलरचा होता. त्यातले स्विच जळून आतल्या आत जोडले गेले होते, म्हणजे मोटारीच्या वायरींची टोकं एकमेकांना टेकलेली. भाच्याच्या हातात मी जी मोटार दिली होती, तीच गोष्ट, फक्त पन्नासपट मोठी. सात किलोमीटर ती मोटार ब्रेक लागलेल्या अवस्थेत फिरली आणि तो सगळा जोर तिच्या तारांमध्ये उष्णता होऊन उतरला. नुसता कंट्रोलर बदलून भागलं असतं. भावाला मोटारही घ्यावी लागली आणि वर तीन आठवडे धंदा बंद.

त्या जागी काय करायला हवं होतं? त्या टेम्पोत कंट्रोलरपासून मोटारीकडे तीन जाड वायरी जातात, बहुतेक वेळा पिवळी, हिरवी, निळी. बॅटरीचा मुख्य स्विच पाडायचा, त्या तीन वायरी कंट्रोलरकडून सोडायच्या, प्रत्येक टोक वेगवेगळं टेपने गुंडाळायचं. दहा मिनिटं. त्याच क्षणी चाक मोकळं होतं, कारण वीज वाहायची वाट तुटली. दादांनी काढलेला एक्सल, भाच्याच्या ट्रकचा सोडलेला शाफ्ट आणि या तीन वायरी, काम एकच.

न्यूट्रलबद्दल एक गोष्ट वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावी. जुन्या गाडीत न्यूट्रल म्हणजे दात दातांतून सुटले, गिअरची साखळी तुटली. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत असं काही सुटत नाही. मोटार कायम चाकाला जोडलेलीच असते. तिथलं ‘एन’ हे अक्षर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला दिलेली नुसती सूचना आहे : मोटारीला वीज देऊ नको. इलेक्ट्रॉनिक्स जळालेलं असेल तर ती सूचना ऐकायला तिथे कोणी नाही. आणि आता बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीत कायमचं चुंबक असतं. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीचा रोटर बिनचुंबकाचा, तो वीज नसेल तर निमूट फिरतो. चुंबकवाली मोटार फिरवाल तर ती वीज तयार करणारच, तिला दुसरं काही येत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली तर ढकलण्याआधी एवढं करा. मधल्या स्टँडवर चढवा आणि मागचं चाक हाताने फिरवून बघा. सहज फिरलं तर बॅटरी नुसती संपली असेल, थोडं अंतर हळूहळू ढकलत नेल्याने फार बिघडणार नाही. चाक अडखळत, झटके देत फिरलं किंवा जागचं हललंच नाही तर तिला ढकलू नका, पाय लावून तर मुळीच नाही. टेम्पोत चढवा. त्या वायरी जाणकाराशिवाय कोणी सोडू नयेत. आणि चारचाकी इलेक्ट्रिक गाडीत तर कशालाच हात लावू नका. तिथे व्होल्टेज बहुतेकदा तीनशेच्या वर असतं, नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतात त्या याच इशाऱ्यासाठी नारिंगी आहेत. तिथे एकच उपाय : चारही चाकं जमिनीवरून उचलायची.

आणि इथेच आपली सगळी व्यवस्था तोकडी पडते. आपल्याकडे क्रेन येते, गाडीचं पुढचं तोंड उचलते आणि निघते. पुढची चाकं चालवणारी गाडी असेल तर ठीक, मागची चाकं मोकळी असतात, हँडब्रेक तेवढा सोडलेला हवा. पण बोलेरो, ईको, जुनी इनोव्हा या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. त्यांचं तोंड उचललं म्हणजे दादांचा ट्रक न्यूट्रलमध्ये ओढण्यासारखंच झालं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर आणखी वाईट, तिच्यात तेलाचा पंपच इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेल फिरणं बंद. २०२४ च्या अखेरीस महिंद्राने आणलेल्या दोन इलेक्ट्रिक गाड्यांची मोटारही मागच्याच चाकांवर आहे. पुढून उचलणाऱ्या क्रेनवाल्याला हे कोणी सांगितलं आहे?

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, हे सगळ्यांना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर बदलापुरात नदीकडच्या इमारतींच्या खालून गाड्या बाहेर काढायचं काम दिवसच्या दिवस चाललं. मी तेव्हा पंपांच्या मोटारी गोळा करत फिरत होते. एका ऑटोमॅटिक गाडीची पुढची चाकं गिअरमध्येच अडकली होती आणि तिला तशीच दोराने ओढत होते, ओल्या सिमेंटवर दोन काळ्या रेघा उमटत होत्या. मालक बाजूला उभा होता, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून. पुराने गाडीचं जे केलं ते केलंच, उरलेलं आपण माणसांनी पुरं केलं. त्या वेळी चाकाखाली सरकवायच्या दोन छोट्या ट्रॉल्या जरी असत्या तरी ती गाडी एका माणसाने ढकलत बाहेर आणली असती. या ट्रॉल्या काही आकाशातून आणायच्या नाहीत. चार लहान चाकं, दोन दांड्या, एक पायाने दाबायचा जॅक. अंबरनाथ-उल्हासनगरचे फॅब्रिकेटर याहून अवघड कामं रोज करतात.

कायदा काय म्हणतो, तेही मी पाहिलं. १९८९ च्या रस्ते नियमांत टोचनावर एक कलम होतं. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस बसलेला हवा नाहीतर तिची वळणारी चाकं उचललेली हवीत, मागे पांढऱ्यावर काळ्या ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत टोचनाची पाटी हवी. चांगलं कलम होतं, त्यात रस्त्यावरच्या इतर लोकांच्या जिवाचा विचार होता. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या पोटात काय चाललंय याचा त्यात एक शब्द नव्हता. त्या काळी तो शब्द दादांसारख्या ड्रायव्हरांच्या डोक्यात होता, म्हणून चाललं. आता इलेक्ट्रिक टेम्पो चालवणारा पोरगा महिन्यापूर्वी रिक्षा चालवत होता किंवा काहीच चालवत नव्हता. त्याला वायरींचं कोण सांगणार?

राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२१ मध्ये आलं, २०२५ मध्ये नवं आलं. समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी मिळाली. मला त्याचा आनंद आहे, माझा धंदाही त्यावर वाढणार आहे. पण गाडी चालते तेव्हाची सोय झाली तशी ती थांबते तेव्हाचीही व्हायला हवी. प्रत्येक इलेक्ट्रिक दुचाकीच्या सीटखाली, तीनचाकीच्या ड्रायव्हरसमोर आणि चारचाकीच्या चार्जिंगच्या झाकणाच्या आत मराठीत एक पट्टी चिकटवलेली असावी : मोटार कोणत्या चाकांवर आहे, बंद पडल्यास चाकं मोकळी कशी होतात, आणि होत नसतील तर ‘ओढू नका, उचला’. गाडीबरोबर पुस्तक येतं, पण ते इंग्रजीत आणि घरी कपाटात. पट्टी रस्त्यावर दिसते. वाहतूक पोलिसांसाठी किंवा नगरपालिकांसाठी जे ठेकेदार गाड्या उचलतात त्यांच्या करारात चाकाखालच्या ट्रॉल्या सक्तीच्या कराव्यात. आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने परीक्षेआधी एका ट्रकचा एक्सल आणि एका इलेक्ट्रिक तीनचाकीच्या फेज वायरी स्वतःच्या हाताने सोडलेल्या असाव्यात. मला बोलावलं तर मी फुकट शिकवायला येईन.

गाळ्यावर येणारे काही लोक मला म्हणतात, ताई, रस्त्यात गाडी बंद पडली की मागे हॉर्न वाजत असतात, तिथे एक्सल काढायला कोणाला वेळ आहे? कटई-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता मीही उभी राहिले आहे, त्यांचं म्हणणं मला कळतं. गाडी वाटेतून बाजूला करायची असेल तर पन्नास-शंभर पावलं कशीही ओढा, तेवढ्याने सहसा काही जळत नाही. पण एकदा कडेला लागली की मग घाई कोणाची? तिथून गॅरेजपर्यंतच्या पाच-दहा किलोमीटरचाच हा प्रश्न आहे. दुसरं म्हणणं खर्चाचं. सपाट पाठीच्या गाडीवर चढवून न्यायला दोराच्या तिप्पट पैसे पडतात, हे खरं. भावाच्या मोटारीचं बिल मी गाळ्यात भिंतीवर लावून ठेवलं आहे. कोणी खर्चाचं बोललं की मी त्याकडे बोट दाखवते.

भाच्याच्या ट्रकची जळलेली मोटार मी पुन्हा गुंडाळून दिली. एवढ्या बारीक आर्मेचरवर तार गुंडाळताना भिंगाचा दिवा लागला, तीन संध्याकाळी गेल्या. त्याने दोन्ही ट्रकच्या टपाच्या आत, बॉडी उचलली की दिसेल अशी, कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे : ‘स्विच बंद. मागचा शाफ्ट सोडा. पुढचा शाफ्ट सोडा. मग दोर.’ त्याच्या खाली पेन्सिलने त्याने स्वतःच आणखी एक ओळ लिहिली, ‘आधी दगड लावा.’ दादांची ती गोष्ट मी त्याला कधी सांगितली होती मला आठवत नाही. जूनच्या पहिल्या रविवारी, पाऊस पडायच्या आधी, ते पुन्हा उतारावर आले. तोच चढ, तीच बुटाची नाडी. वर रस्त्यापर्यंत पोचल्यावर मी मोटारीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं.